सासूबाईंच्या पाठीवरचं बधिर द्रव्य

सासूबाईंना सरोवराच्या पलीकडे त्यांच्या बहिणीकडे नेऊन आणायचं, एवढाच बेत होता. जर्मनीतल्या आमच्या गावापासून बोटीचा धक्का गाडीने जवळ आहे. बोट बोडन्झे सरोवर ओलांडते तेवढ्यात एक कॉफी आणि सफरचंदाच्या केकचा एक तुकडा होतो, आणि उतरलं की स्वित्झर्लंड. शाळेच्या सहली जातात, सायकलवाले जातात, पलीकडचे लोक तर आमच्याकडे नुसतं स्वस्तातलं मटण घ्यायला येतात आणि पिशव्या भरून परत जातात. यात बेत कसला आणि त्याची गोष्ट कसली, असं तुम्ही म्हणाल. माझंही तेच म्हणणं होतं.

वालबुर्गामावशींचा पंच्याऐंशीवा वाढदिवस होता. त्या थोरल्या, आमच्या सासूबाई क्रेसेंझ धाकट्या. दोघी बहिणींची चार वर्षांत भेट नव्हती. दर रविवारी फोन व्हायचा आणि त्यात दोघी एकमेकींना हवामान सांगायच्या. मधे नुसतं पाणी, त्यामुळे हवामान एकच असायचं, पण त्यावर त्यांचा वाद व्हायचा. या ना त्या कारणाने कधी हिचं जाणं राहिलं, कधी तिचं येणं राहिलं. यंदा नाही तर मग कधी, हे वाक्य घरात कुणीच पुरतं म्हणत नव्हतं.

सासूबाईंची पाठ दोन वर्षांपूर्वी गेली. मणके खचले. तेव्हापासून त्या आमच्याकडे राहतात, आणि दर रविवारी चर्चहून आलं की माझी बायको रोसविथा त्यांच्या खांद्यामागे एक पट्टी चिकटवते. कातडीच्या रंगाची, दिसायला काहीच नाही अशी. पण त्या पट्टीच्या जोरावर सासूबाई उठतात, बसतात, बटाट्याचं सॅलड करतात आणि माझ्या बटाटे सोलण्याला नावं ठेवतात. घरात तिचं नाव 'पट्टी'. खोकं रोसविथाच्या कपाटात, चिकटवणारी रोसविथा, आणि स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही. म्हणून सासूबाईंनी त्या खोक्यावरचं कधी काही वाचलेलं नव्हतं.

मी जमिनीच्या मोजणी खात्यात आहे. दोन शेजाऱ्यांच्या कुंपणातल्या वीतभर जागेसाठी मी उन्हापावसात काठ्या रोवल्या आहेत. असा माणूस देशाची हद्द कागदावाचून ओलांडणार नाही, हे उघड आहे. सहज म्हणून मी नियम पाहिले, आणि आमची ती गरीब पट्टी सरकारच्या यादीत निघाली. यादीचं नाव होतं 'बधिर द्रव्ये'.

आता या शब्दाविषयी थोडं बोलायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. मूळ शब्द अगदी साधा आहे. कान बहिरा झाला की तो बधिर, आणि दाढ काढण्याआधी हिरडी मेली की तीही बधिर. दाताच्या डॉक्टरने हा शब्द उच्चारला की माणसाला हायसं वाटतं आणि तो तोंड उघडतो. पण त्याच शब्दाला 'द्रव्य' जोडून तो पोलिसांच्या तोंडी दिला की लोक तोंड मिटतात. आमच्या पेपरात हा शब्द येतो तेव्हा त्याच्यासोबत रेल्वे स्टेशन असतं, गाडीची डिकी असते आणि तपास चालू असतो. बिचाऱ्या शब्दाने तेच काम केलंय, दुखणं थांबवण्याचं. वस्ती बदलली, एवढंच.

तर नियम असा, की ही द्रव्यं अंगावर किंवा बॅगेत घेऊन हद्द ओलांडायची असेल तर डॉक्टरचा दाखला हवा आणि त्यावर आरोग्य कचेरीचा शिक्का हवा. मी रोसविथाला हे सांगितलं.

"कुणी विचारलंय का?" ती म्हणाली.

"विचारलं तर?"

"बोटीवर? बोटीवर कॉफी हवी का एवढंच विचारतात."

मी तिच्याशी वाद घातला नाही. मी डॉक्टरीणबाईंकडून दाखला भरून घेतला आणि आरोग्य कचेरीत गेलो. तिथे एक बाई होत्या, त्यांच्या टेबलावर कोरफडीची कुंडी आणि तिच्याइतकाच थंड चेहरा. त्यांनी कागद खालून वर वाचला. हे मला आवडलं, मीही नकाशे तसेच वाचतो.

"इथे 'रोजचं प्रमाण' असं विचारलंय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी लिहिलंय, आठवड्याला एक पट्टी."

"हो. आठवड्याला एकच लावतात."

"पण रकाना रोजचा आहे."

"मग रोजचा सातवा हिस्सा," मी म्हणालो. मोजणी खात्यातला माणूस भागाकाराला भीत नाही.

"सातवा हिस्सा कापून लावता?"

"नाही, अख्खी लावतो."

"मग पहिल्या दिवशी एक, आणि बाकीचे दिवस शून्य?"

"ती आठवडाभर अंगावरच असते, बाई."

"म्हणजे रोज एक?" त्या म्हणाल्या, आणि पेन टोपणात घातलं.

मी डॉक्टरीणबाईंकडे परत गेलो. त्यांनी सातवा हिस्सा लिहून दिला. मी पुन्हा कचेरीत गेलो, तर आता हिशेब बरोबर होता पण डॉक्टरांचा शिक्का सहीवर चढला होता. पुन्हा डॉक्टर. पुन्हा कचेरी, आणि त्या दिवशी कचेरी बंद, दारावर पाटी, की कर्मचारी तणावमुक्तीच्या शिबिराला गेले आहेत. शेवटी एकदाचा तो गोल शिक्का कागदावर उमटला तेव्हा मला खरोखर आनंद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. बाईंनाही झाला असावा, कारण त्या म्हणाल्या, "असा दाखला न्यायला खरं तर कुणी येत नाही."

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. पाव, सॉसेज, चीज, काकडीचं लोणचं. मी बशा बाजूला सारून कागद मधोमध ठेवला. आणि मग मी तो मोठ्याने वाचला. का वाचला, हे रोसविथा आजही विचारते. माझं उत्तर असं आहे, की ज्याने एवढ्या खेपा घातल्या त्याने एकदा तरी वाचून दाखवायला नको का.

"'बधिर द्रव्यांच्या वाहतुकीसाठी दाखला,'" मी वाचलं. "'धारकाचं नाव, क्रेसेंझ माऊख.'"

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "काय म्हणालात, जावईबापू?"

"दाखला, आई. तुमच्या पट्टीचा."

"त्याच्याआधी काय म्हणालात?"

मी पुन्हा वाचलं. माझा आवाज पहिल्यापेक्षा बारीक निघाला. सासूबाई आयुष्यभर चर्चच्या वाचनालयात पुस्तकं द्यायच्या, आणि कुठलं पुस्तक कोणाला द्यायचं नाही हेही त्याच ठरवायच्या. त्यांचा शब्दांवर विश्वास होता, आणि त्यामुळे शब्दांची भीतीही होती.

"हे माझ्या पाठीवर आहे?" त्यांनी विचारलं. "दोन वर्षं?"

"आई, नुसतं औषध आहे ते," रोसविथा म्हणाली.

"नुसतं औषध असतं तर औषध लिहिलं असतं. स्टेशनामागे पोरं पकडतात त्यांच्याकडे हेच असतं ना? पेपरात हाच शब्द असतो. आणि हा कागद घेऊन मी बुर्गाच्या दारात जाऊ? तिच्या जावयाने विचारलं, काय आणलंय मावशी, तर काय सांगू, बधिर द्रव्यं?"

त्या उठून खोलीत गेल्या. काकडीचं लोणचं तसंच राहिलं. रोसविथाने माझ्याकडे जसं पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

रविवारी त्यांनी पट्टी लावून घ्यायला नकार दिला. जुनी काढून ठेवली आणि म्हणाल्या, माझ्या आईला नव्वदीपर्यंत असलं काही लागलं नाही. सोमवारी त्या टेबल धरून चालल्या. मंगळवारी भिंत धरून. विचारलं तर म्हणायच्या, हवा बदललीय. मी बटाटे अगदी वाईट सोलले, मुद्दाम जाड साली काढल्या, त्यांच्यासमोर टोपली नेऊन ठेवली. त्यांनी पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. वाढदिवस शनिवारी होता आणि ही बाई एक शब्द मोठ्याने वाचल्यामुळे खुर्चीतून उठेना, आणि वाचणारा मी होतो.

बुधवारी दुपारी रोसविथा आईच्या खोलीत गेली आणि दार लावून बराच वेळ आत बसली. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. बाहेर आली तेव्हा पट्टी लावलेली होती आणि आई यायला तयार होत्या. एकच अट, तो शब्द वाटेत कुणी तोंडातून काढायचा नाही. मी कबूल झालो. शिक्क्याचा दाखला मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, जिथे तो कुणाला दिसणार नव्हता, आणि मला तर नीट जाणवत होता.

शुक्रवारी सामान भरताना मी रोसविथाच्या कपाटातून पट्ट्यांचं खोकं घ्यायला गेलो. खोकं नव्हतं. आरोग्य कचेरीतल्या बाईंनी बजावलं होतं, द्रव्य मूळ खोक्यात हवं, नाहीतर दाखल्यातलं द्रव्य हेच, हे कसं ओळखणार?

"आई, पट्ट्या कुठे आहेत?"

"बिस्किटांच्या डब्यात," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "नाताळच्या. खाली पट्ट्या, वर बडीशेपेची बिस्किटं."

"आणि खोकं?"

"निळ्या डब्यात."

निळा डबा म्हणजे खाली अंगणातला कागदाचा कचरा. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"असं काय बघताय?" त्या म्हणाल्या. "पुठ्ठा होता तो. पुठ्ठा कुठे टाकतात?"

इथे आमच्याकडच्या लोकांचा स्वभाव सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. ज्या बाईला त्या खोक्याची इतकी लाज होती, की ते घरात नको, बॅगेत नको, डोळ्यांसमोर नको, तिने ते सरळ बाकीच्या कचऱ्याच्या काळ्या डब्यात बटाट्याच्या सालींखाली पुरलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. पण पुठ्ठा काळ्या डब्यात टाकणं तिच्या हातून होणं शक्य नव्हतं. बदनामी झाली तर झाली, कचरा चुकीच्या डब्यात जाता कामा नये. आणि सांगायला संकोच वाटतो, पण मीही तेच केलं असतं.

मी खाली गेलो. आमची इमारत तीन मजल्यांची आहे आणि जिना, अंगण, कचऱ्याचे डबे यांच्या झाडलोटीची पाळी आठवड्याला बदलते. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. त्या आठवड्यात पाटी डांगेलसाहेबांच्या दाराला होती. डांगेलसाहेब निवृत्त टपाल अधिकारी आहेत, आणि ती पाटी आली की त्यांना पुन्हा नोकरीवर घेतल्यासारखं वाटतं. म्हणून मी आधी अंगणात डोकावलो. कुणी नव्हतं. मी निळ्या डब्याचं झाकण उघडलं. डबा उंच, कागद तळाशी, हात पोचेना. मी कोट काढून कठड्यावर ठेवला, डब्याच्या काठावर पोट टेकलं आणि आत वाकलो. मग आणखी थोडा वाकलो. त्यानंतर माझे पाय जमिनीवर नव्हते.

आत जुन्या पेपरांचा वास होता, आणि तळमजल्यावरच्या हेपबाईंना कोणत्या दुकानाची कॅटलॉगं येतात ते मला कळलं, जे कळायला नको होतं. खोकं मात्र मिळेना.

"हे शोधताय का, लोखरसाहेब?" वरून आवाज आला.

मी बाहेर निघालो. त्याला वेळ लागला. डांगेलसाहेबांच्या हातात आमचं खोकं होतं आणि त्यांच्यामागे हेपबाई हातात पाण्याची झारी घेऊन उभ्या होत्या, झारी रिकामी होती.

"न मोडता टाकलं होतं," डांगेलसाहेब म्हणाले. "पुठ्ठा चपटा करून टाकायचा, असं मी तीनदा लिहून लावलंय. म्हणून चपटं करायला मी बाहेर काढलं. मग त्यावर काय लिहिलंय ते वाचलं."

"वाचलंत."

"वाचणं भाग होतं. आता प्रश्न असा, की या इमारतीत बधिर द्रव्यं कोण घेतं? माझा तिसऱ्या मजल्यावरच्या गिटारवाल्यावर संशय होता. मी त्याच्याशी आज बोलणारच होतो."

वर आमच्या बाल्कनीचं दार उघडं होतं. सासूबाईंची खुर्ची तिथेच असते. मला एवढंच दिसत होतं, की आता नाव निघालं तर उद्याचं जाणं संपलं, आणि बहुतेक पट्टीही पुन्हा संपली.

"माझी आहेत," मी म्हणालो.

माझ्या केसांत कुठल्याशा कॅटलॉगाचा तुकडा अडकला होता. भूमापन खात्यातली इतक्या वर्षांची निष्कलंक नोकरी, चर्चच्या समितीवरचं सभासदत्व, सगळं मी त्या एका वाक्यात घालवलं होतं, आणि मला वाटलं, निदान कुणी म्हणेल की छे, हे शक्यच नाही.

"तरीच," हेपबाई म्हणाल्या.

"तरीच म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही कसे नेहमी शांत असता. परवा मी तुम्हाला तासभर माझ्या गुडघ्याचं सांगितलं, तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. मी डांगेलसाहेबांना म्हटलं, या माणसाला काही लागतच नाही."

"आणि गेल्या हिवाळ्यात जिन्यातला बर्फ काढताना मधेच उभे राहून आकाशाकडे बघत होतात," डांगेलसाहेब म्हणाले. "मी नोंद घेतली होती. पण माणसाने मदत मागायला लाजू नये, लोखरसाहेब. आजकाल शिबिरं असतात."

मला खरं सांगायचं तर फार लागलं. एखाद्या माणसाने खोटं कबूल करावं आणि ते सगळ्यांना इतकं पटावं, याहून मोठा अपमान नाही. मी आकाशाकडे बघत होतो कारण घराच्या छपराची कड शेजारच्या हद्दीत जाते का, याचा अंदाज घेत होतो. पण हे सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला.

सासूबाई खाली येत होत्या. एकट्या, कठडा धरून, दर पायरीवर थांबत. मागे रोसविथा होती, तिला त्यांनी हात लावू दिला नव्हता. अंगणाच्या दारात येऊन त्या उभ्या राहिल्या आणि आधी त्यांनी श्वास घेतला.

"ते खोकं माझं आहे," त्या म्हणाल्या. "जावईबापू खोटं बोलतायत. त्यांना जमत नाही ते."

"क्रेसेंझबाई, तुम्ही?" डांगेलसाहेब म्हणाले.

"मी. बधिर द्रव्यं माझ्या पाठीवर आहेत, दोन वर्षं आहेत. डॉक्टरांनी दिलीत आणि सरकारने शिक्का मारलाय. ती नसली की मी या जिन्याच्या वरच्या पायरीशी बसून रडते, आणि असली की खाली येऊन तुमच्याशी भांडते. बघायची असली तर दाखवते."

त्यांनी खरोखरच शालीला हात घातला. डांगेलसाहेब मागे सरकले.

"नको, नको," हेपबाई म्हणाल्या. त्यांनी झारी खाली ठेवली होती. "मला माहीत आहे कशी असते. आमच्या यांना होती शेवटी. खांद्यावरच लावायचे मी. शेवटच्या उन्हाळ्यात ते पत्ते खेळले माझ्याशी, क्रेसेंझबाई. रोज. हरले की चिडायचे. मी कुणाला सांगितलं नाही, नाव असं ना तिचं. लोकांना वाटायचं माणूस आतूनच बरा आहे."

सासूबाई म्हणाल्या, "पत्ते कोणते खेळायचे?" आणि हेपबाईंनी सांगितलं, आणि दोघी बाकावर बसल्या. मी पाहिलं, सासूबाईंचा चेहरा सुटला होता. आठवडाभर त्यांनी तोंड घट्ट आवळून धरलं होतं, ते मला आता सुटल्यावर कळलं.

डांगेलसाहेबांनी खोकं माझ्या हातात दिलं. एका बाजूने त्यांनी ते आधीच चपटं केलं होतं. त्यांनी घरातून चिकटपट्टी आणून ते पुन्हा उभं केलं, कोपरे टपालखात्याच्या पद्धतीने दुमडले, आणि म्हणाले, "परत आल्यावर मात्र मोडून टाका." तेवढं त्यांना म्हणू दिलं.

शनिवारी हवा स्वच्छ होती. बोटीवर आम्ही वरच्या बाकावर बसलो, सासूबाईंच्या मांडीवर बिस्किटांचा डबा, त्यात आता नुसती बिस्किटं, खोकं माझ्या पिशवीत आणि दाखला कोटाच्या खिशात. मधेच कर्मचारी आला. मी खिशाला हात घातला.

"कॉफी हवी का?" त्याने विचारलं.

रोसविथा सरोवराकडे बघत होती. तिने एक शब्दही काढला नाही, आणि तेच जास्त बोचलं.

पलीकडच्या धक्क्यावर उतरलो. जकातीची चौकी होती, पण तिचं दार लोटलेलं आणि लोक सायकली ढकलत सरळ निघून जात होते. आमच्याकडे कुणी पाहिलंही नाही. एवढ्या खेपा, तो सातवा हिस्सा, तो डब्यातला प्रसंग, आणि हद्द अशी, कुणी दार उघडं टाकून गेल्यासारखी. मी जरा रेंगाळलो. बुटाची नाडी सोडली आणि बांधली. तेवढ्यात चौकीतून एक जकात अधिकारी बाहेर आला, हातात अर्धं खाल्लेलं सँडविच. त्याने आम्हाला पाहिलं आणि सँडविचच्या हातानेच खूण केली, चला, चला.

आम्ही चालू लागलो. माझी मान खाली गेली होती, हे मी नाकारत नाही.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. मला नव्हे, त्याला. त्या काठी टेकत त्याच्याकडे वळल्या. "अहो, इकडे या. माझ्याकडे बधिर द्रव्यं आहेत."

सायकलवाले थांबले. अधिकारी घास चावायचा थांबला.

"पाठीवर एक आणि खोक्यात तीन," त्या म्हणाल्या. "आणि दाखला आहे. माझ्या जावयाने त्यासाठी चपला झिजवल्यात, कचऱ्याच्या डब्यात उडी मारलीय. तो वाचल्याशिवाय मी तुमच्या देशात येणार नाही. पुरता वाचा. मोठ्याने वाचलात तरी चालेल."

त्याने सँडविच कठड्यावर ठेवलं, हात पँटला पुसले आणि दाखला घेतला. वाचला. रोजच्या प्रमाणाच्या रकान्याशी थांबून त्याने भुवया उंचावल्या, आणि शिक्का उजेडात धरून पाहिला.

"मी इतकी वर्षं इथे आहे," तो म्हणाला, "असा कागद पहिल्यांदाच पाहतोय. सगळं अगदी बरोबर आहे."

"बरोबर असणारच," सासूबाई म्हणाल्या आणि माझा दंड धरून चालू लागल्या. त्यांनी माझा दंड याआधी कधी धरला नव्हता. मला त्या क्षणी कुणी पगारवाढ दिली असती तरी मी ती तिथेच विसरून आलो असतो.

वालबुर्गामावशी धक्क्याच्या टोकाला उभ्या होत्या, चाकांच्या वॉकरला धरून, डोक्यावर वाढदिवसाची टोपी. दोघी बहिणी एकमेकींकडे निघाल्या. दोघींचा वेग पाहता त्याला बराच वेळ लागला आणि आम्ही सगळे बाजूला उभे राहिलो. शेवटी भेटल्या आणि मिठी मारायला दोघींनी हात उचलले.

"जरा हळू," सासूबाई म्हणाल्या, "पाठीवर—"

"पट्टी आहे," वालबुर्गामावशी म्हणाल्या. "माझ्यापण."

हात तसेच उचललेले राहिले.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. तुला सांगितलं नाही." मावशींनी आवाज खाली आणला. "त्या खोक्यावर काय लिहिलंय वाचलंस का कधी? मागच्या वर्षी तुझ्याकडे यायला बॅग भरली होती मी, सेंझा. सून म्हणाली, हे घेऊन हद्द ओलांडता येत नाही, पकडतात. मी बॅग रिकामी केली आणि तुला सांगितलं, पाऊस आहे."

"पाऊस नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "मी बाल्कनीत बसून होते. ऊन होतं. मी दिवसभर तुझ्यावर रागावले होते."

मग दोघींनी एकमेकींच्या खांद्यांवर अगदी अलगद हात ठेवले, पट्टी चुकवून, आणि तशाच उभ्या राहिल्या. रोसविथाने माझ्या पिशवीतून रुमाल मागितला. मी दिला, आणि मलाही एक लागला.

मावशींचं लक्ष नंतर माझ्याकडे गेलं. सासूबाईंनी त्यांना दाखला दाखवला होता आणि मावशी त्या गोल शिक्क्यावरून बोट फिरवत होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मला पुढच्या महिन्यात हिच्याकडे यायचंय. असा एक कागद मलाही करून द्याल का?"

रोसविथाने डोळे मिटले. मी कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि विचारलं, तुमच्याकडे शिक्का कोण मारतं, आणि कचेरी कोणत्या वारी उघडी असते.